मुलांना बातमी पारखायला शिकवायची आहे? इथून सुरुवात करा

घरात किंवा वर्गात किशोरवयीन मुलं असली की कधी ना कधी आपण म्हणतोच, "नेटवर दिसेल त्यावर विश्वास ठेवू नकोस." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मुलांच्या मनात उरतं ते इतकंच की सगळेच खोटं बोलतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे पटायला वेळ लागत नाही. आणि एकदा पटलं की खोटी बातमी तो जितक्या सहज झटकून टाकतो, तितक्याच सहज खरीही झटकतो. मग ज्याचं बोलणं आवडतं त्याचंच ऐकतो. संशय घ्यायला शिकवणं सोपं आहे. कुणावर, कोणत्या बाबतीत आणि कितपत विश्वास ठेवायचा हे शिकवणं अवघड आहे, आणि आपल्याला शिकवायचं आहे ते हेच.

हा लेख अशा पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे ज्यांनी हा विषय आजवर कधी शिकवलेला नाही. पत्रकारितेची पदवी लागत नाही. इंटरनेट असलेला एखादा फोन किंवा संगणक, कागद, रंगीत पेन्सिली आणि आठवड्यातला अर्धा तास पुरतो. साधारण १२ ते १८ वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या लावल्या आहेत. वेळ फारच कमी असेल तर तिसरी पायरी तेवढी नीट करून घ्या, बाकीचं हळूहळू करता येईल.

सुरुवातीला: मुलांकडे बातमी येते कुठून?

शिकवायला बसण्याआधी विचारा. "तू बातम्या वाचतोस का?" असं विचारलंत तर उत्तर बहुतेक "नाही" येईल, आणि ते खरं नसेल. "गेल्या दोन-तीन दिवसांत जगात काय काय घडलं ते तुला कुठून कळलं?" असं विचारा. मग रील, मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट, एखादा यूट्यूबर, खेळाच्या अ‍ॅपवरचं नोटिफिकेशन, मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडलेलं, असं सगळं बाहेर येतं. बहुतेक मुलं बातमी शोधायला जात नाहीत. दुसरंच काहीतरी बघत असताना बातमी समोर येते, आणि ती कुणी दिली याकडे लक्ष जात नाही.

हे ऐकताना तोंडावर नापसंती दाखवू नका आणि मुलाचा फोन स्वतःच्या हातात घेऊ नका. त्याला जे दाखवावंसं वाटेल ते त्याने दाखवावं. पुढचे सगळे सराव त्याच्या फोनवर येणाऱ्या गोष्टींवर करायचे आहेत. आपल्या आवडीच्या वर्तमानपत्रावर सराव घेतला तर तो फक्त आपल्यासाठी होतो.

आणखी एक सूचना आत्ताच देते. सुरुवात राजकारणाने करू नका. प्राणी, खेळ, हवामान, विज्ञान, प्रसिद्ध व्यक्तींबद्दलच्या अफवा, अशा विषयांवर मुलं मोकळेपणाने चूक कबूल करतात. ज्या विषयावर घरात आधीच दोन तट पडलेले आहेत, तिथे बातमी तपासणं बाजूला राहतं आणि बाजू राखणं सुरू होतं.

पहिली पायरी: हे नेमकं आहे काय?

खरं की खोटं हा प्रश्न नंतरचा. आधी समोर आहे ते काय आहे हे ओळखता आलं पाहिजे: बातमी, मत, जाहिरात, विनोद की कुठल्यातरी संस्थेचं प्रसिद्धीपत्रक?

मोठ्यांना हा फरक उघड वाटतो, मुलांना तो तसा दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या १२ राज्यांमधल्या विद्यार्थ्यांकडून अशी कामं करून घेतली आणि ७,८०४ उत्तरं तपासली. त्यातल्या एका कामात वृत्तसंकेतस्थळाच्या मुख्य पानावरचा मजकूर ओळखायचा होता. एका मजकुरावर 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही माध्यमिक गटातल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी तो मजकूर खरी बातमी म्हणून घेतला. काहींनी तो शब्द वाचलाही होता, पण त्याचा अर्थ 'कुणीतरी पैसे देऊन हे छापून आणलंय' असा होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून पहिला सराव शब्दांचा. 'प्रायोजित', 'सहयोगाने', 'पेड पार्टनरशिप', 'विशेष पुरवणी', 'अग्रलेख', 'विश्लेषण', 'दृष्टिकोन' हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथले स्क्रीनशॉट मुलांना जमवू द्या. यूट्यूबर व्हिडिओच्या मध्येच एखाद्या कंपनीचं कौतुक करायला लागतो, तो क्षण पकडायला मुलांना मजा येते. हा सराव दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपोआप चालतो.

दुसरा सराव वाक्यांचा, आणि मला स्वतःला हा फार महत्त्वाचा वाटतो. एक छोटी बातमी छापून घ्या. जे तपासून खरं-खोटं ठरवता येईल ते वाक्य निळ्या पेन्सिलीने अधोरेखित करायचं, जे कुणाचं तरी मत आहे ते लाल पेन्सिलीने. "शाळांची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलण्याचा निर्णय काल जाहीर झाला" हे निळं. "या घिसाडघाईच्या निर्णयाने विद्यार्थी हवालदिल झाले" यात मुलं अडखळतात, आणि अडखळू द्या. निर्णय झाला हे तपासता येतं. 'घिसाडघाई' हे लिहिणाऱ्याचं मत झालं. 'हवालदिल झाले' म्हणजे किती विद्यार्थी, आणि ते कुणाला सांगत होते? एकाच वाक्यात निळं आणि लाल कसं मिसळलेलं असतं ते दिसलं की मुलं पुढे शीर्षकं वाचतानाही थबकायला लागतात.

लाल रंग म्हणजे वाईट, असं मात्र होऊ देऊ नका. चांगला अग्रलेख पूर्ण लाल असू शकतो आणि तो वाचण्यासारखाही असतो. फक्त तो बातमी म्हणून वाचायचा नाही.

दुसरी पायरी: बातमी तयार कशी होते?

ज्याने कधी बातमी लिहिलेली नाही त्याला ती आकाशातून पडल्यासारखी वाटते. तेव्हा मुलांना एक बातमी लिहायला लावा. शाळेतली एखादी स्पर्धा, सोसायटीतला एखादा निर्णय, संघातली निवड, काहीही चालेल. अटी तीनच: शंभर शब्द, दोन वेगवेगळ्या माणसांशी बोलून, आणि स्वतःचं मत एकाही वाक्यात नको.

लिहून झाल्यावर विचारा, कुठे अडलं? उत्तरं जवळपास ठरलेली असतात. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एकाने सांगितलं पण नाव छापू नको म्हणाला. मुख्य माणूस भेटलाच नाही. किती जण हजर होते यावर कुणाचंच एकमत नाही. यातली प्रत्येक अडचण खऱ्या वार्ताहराला रोज येते. 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही', 'अधिकृत दुजोरा मिळालेला नाही' ही वाक्यं बातमीत का येतात, ते इथे आपोआप कळतं. जी बातमी आपल्याला काय माहीत नाही तेही सांगते, तिचा दर्जा सहसा वरचा असतो, हेही याच वेळी दाखवून द्या.

याच पायरीवर वृत्तसंस्था म्हणजे काय ते सांगा. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस, एएफपी यांच्यासारख्या संस्था बातम्या गोळा करून शेकडो माध्यमांना पुरवतात. त्यामुळे वीस संकेतस्थळांवर तीच बातमी दिसली तरी तिचा उगम एकच असू शकतो. "सगळीकडे आलंय" या वाक्याला किती वजन द्यायचं, हे ठरवायला एवढी एक गोष्ट माहीत असली तरी पुरते.

मग येतो चुकांचा प्रश्न. चूक आणि खोटेपणा यांतला फरक मुलांना सांगितलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय 'सगळेच सारखे' हे मत डोक्यातून जात नाही. १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचं उदाहरण मुलांना आवडतं. 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राने ड्युई जिंकल्याचा मथळा पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापला. छपाई कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला पाठवावा लागला आणि पूर्ण निकाल येण्याआधीच अंदाजावर मथळा ठरला. जिंकले होते ट्रुमन. तो अंक हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचं छायाचित्र नेटवर लगेच सापडतं. मुलांना विचारा: हे वर्तमानपत्र खोटं बोललं की चुकलं? घाई कशामुळे झाली? आज ही घाई कमी झाली आहे की वाढली?

त्यानंतर एखाद्या वृत्तसंकेतस्थळावर 'दुरुस्ती' किंवा 'खुलासा' शोधायला लावा. चूक झाल्यावर ती जाहीरपणे, तारखेसकट दुरुस्त करणारं माध्यम आणि गुपचूप मजकूर काढून टाकणारं खातं यांत काय फरक आहे, हे मुलांच्या तोंडून येऊ द्या.

माहितीच्या घोटाळ्याचे तीन प्रकार आहेत: नकळत पसरलेली चुकीची माहिती, मुद्दाम रचून पसरवलेली खोटी माहिती, आणि खरी असूनही कुणाचं नुकसान करण्यासाठी बाहेर काढलेली माहिती. क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान या संशोधकांनी २०१७ मध्ये युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात ही विभागणी मांडली. तिसरा प्रकार मुलांना सर्वांत जवळचा असतो. कुणाचे खासगी चॅट सगळ्यांसमोर टाकणं यातच येतं, आणि 'पण ते खरंच आहे ना' हा युक्तिवाद तिथे का चालत नाही यावर चांगली चर्चा होते.

तिसरी पायरी: पानावर थांबू नका, बाहेर पडा

अनोळखी संकेतस्थळ समोर आलं की आपण काय करतो? ते नीट वाचतो. मांडणी बघतो, शुद्धलेखन बघतो, 'आमच्याविषयी' उघडतो, पत्त्याच्या शेवटी संस्थांची खूण मानलं जाणारं '.ऑर्ग' आहे का पाहतो. शाळांमध्ये वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं. अडचण अशी की यातली प्रत्येक गोष्ट संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातात असते. '.ऑर्ग' कुणालाही विकत घेता येतं. मांडणी तयार मिळते. शुद्ध, सफाईदार मजकूर आता यंत्रच लिहून देतं. आणि स्वतःबद्दल वाईट कोण लिहील?

याबद्दलचा एक प्रयोग मुलांना सविस्तर सांगण्यासारखा आहे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्र्यू या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन गट घेतले: पीएचडी झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. त्यांना जी संकेतस्थळं दाखवली त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. नावं जवळजवळ सारखी, दोन्हींची पानं व्यवस्थित, दोन्हींवर डॉक्टरांचीच भाषा. एक संस्था म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स: १९३० साली स्थापन झालेली, साठ हजारांहून जास्त सदस्य असलेली, या क्षेत्रातली मुख्य व्यावसायिक संघटना. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला पहिल्या संस्थेने पाठिंबा दिला, तेव्हा तो न पटलेल्या काही डॉक्टरांनी हा गट काढला.

विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, आणि त्यांतल्या बहुतेकांना छोटा गटच जास्त विश्वासार्ह वाटला. इतिहासकारही पानावरच रेंगाळले आणि अनेकांना दोन्ही संस्था सारख्याच ठीक वाटल्या. तथ्यतपासनीसांनी मात्र काही सेकंदांतच ते पान सोडलं, शेजारी नवे टॅब उघडले, संस्थेचं नाव शोधलं आणि इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते वाचलं. त्यांनी वाचलं कमी, वेळ कमी घेतला आणि निष्कर्ष जास्त बरोबर काढला.

सराव असा घ्या. मुलाला एक अनोळखी संकेतस्थळ किंवा खातं द्या. दोन मिनिटं. नियम एकच: त्या पानावरची माहिती वापरायची नाही. नवा टॅब उघडायचा, त्या संस्थेचं किंवा माणसाचं नाव टाकायचं, आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. हे कोण आहेत? यांचे पैसे कुठून येतात? या विषयात यांना खरंच काही कळतं का? विकिपीडिया इथे खुशाल वापरू द्या. संस्था कधी स्थापन झाली, तिच्यावर काय वाद झाले, खाली संदर्भ कोणते दिले आहेत, एवढ्यासाठी तो उत्तम आहे.

शोध घेताना पहिल्याच दुव्यावर बोट जातं. तिथे मुलाला थांबवा. आधी शोधाचं पूर्ण पान खालपर्यंत बघायचं: कुणी कुणी लिहिलंय, वर जाहिराती कोणत्या आहेत, तारखा काय आहेत. मग ठरवायचं, कुठला दुवा उघडायचा. त्या पानाच्या वर यंत्राने तयार केलेला सारांश दिसला तर त्याखालचे दुवे उघडून मूळ मजकुरात तेच लिहिलंय का ते पाहायचं. सारांश हा उत्तर नाही, पुढे कुठे बघायचं याचा इशारा आहे.

हेच सगळं लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून नेटवरची माहिती तपासायला शिकवणारे अमेरिकी तज्ज्ञ माइक कॉलफील्ड यांनी चार पावलं सांगितली आहेत. आपल्या शब्दांत ती अशी: थांबा. सांगणारा कोण ते बघा. हीच बातमी आणखी कुणी चांगल्या रीतीने दिली आहे का ते शोधा. आणि दावा, वाक्य किंवा चित्र जिथून आलं त्या मूळ जागी जा. भिंतीवर चार ओळींचा कागद लावला तरी चालेल. माझ्या मते तिसरं पाऊल सगळ्यांत कमी वापरलं जातं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी आहे. व्हिडिओ करणारा विश्वासार्ह आहे का यावर डोकं फोडत बसण्यापेक्षा तोच विषय एखाद्या भरवशाच्या ठिकाणी वाचून मोकळं व्हावं.

हा सराव दर आठवड्याला करायचा, आणि दर वेळी खोटंच उदाहरण द्यायचं नाही. निदान दोनातलं एक उदाहरण खरं आणि चांगलं असू द्या. फक्त खोटीच उदाहरणं मिळाली तर मुलं 'खोटं' एवढंच उत्तर द्यायला शिकतात, कारण तेच दर वेळी बरोबर ठरतं.

चौथी पायरी: फोटो आणि व्हिडिओ

बहुतेक फसवणुकीला तंत्रज्ञान लागतच नाही. खरा, जुना, दुसरीकडचा फोटो घ्यायचा आणि त्याखाली नवी ओळ लिहायची. त्यामुळे मुलांना आधी हे विचारायला शिकवा: हा फोटो कुठला, कधीचा, आणि खाली लिहिलंय ते फोटोत खरंच दिसतंय का?

पहिल्या पायरीत सांगितलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात एक फोटो होता. आकार बिघडलेली डेझीची फुलं, आणि खाली लिहिलेलं की फुकुशिमाच्या अणुअपघातामुळे फुलांची ही अवस्था झाली. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतल्या जवळपास ४० टक्के मुलांनी हा ठोस पुरावा मानला. फोटो खरोखर त्या भागातला आहे का, कुणी काढला, किरणोत्सर्गामुळेच असं झालं कशावरून, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. अशी जोडफुलं किरणोत्सर्गाशिवायही उगवतात. हा फोटो मुलांना दाखवा, उत्तर सांगू नका, आणि 'हे पटायला अजून काय माहीत असायला हवं?' याची यादी करायला सांगा.

मग हातातलं साधन. गुगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे छापला गेला ते दिसतं. सर्वांत जुनी तारीख शोधायची. व्हिडिओ असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या एक-दोन दृश्यांचे स्क्रीनशॉट घेऊन तेच करायचं. सरावासाठी पुराच्या पाण्यात महामार्गावर पोहणाऱ्या शार्कचं चित्र घ्या. ते २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी फिरलं, २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या वेळी पुन्हा फिरलं, आणि मधल्या काळातही निरनिराळ्या पुरांच्या नावाने येत राहिलं. त्यातला शार्क दक्षिण आफ्रिकेत काढलेल्या एका जुन्या छायाचित्रातून उचललेला होता. तो मूळ फोटो मुलांनी स्वतः शोधून काढला की पुढे सांगावं लागत नाही, ती घरातल्या प्रत्येकाचे फोटो तपासायला घेतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबद्दल मुलं तुम्हाला नक्की विचारतील. 'बोटं मोज, सावली बघ' असल्या खुणांवर फार भर देऊ नका. त्या खुणा दर काही महिन्यांनी जुन्या होतात. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं फुगीर पांढऱ्या जॅकेटमधलं चित्र जगभर खरं म्हणून फिरलं, आणि तेव्हापासून ही साधनं पुष्कळ सुधारली आहेत. टिकणारा प्रश्न वेगळा आहे: हे खरंच घडलं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं होतं? २२ मे २०२३ ला अमेरिकेच्या पेंटॅगॉन या संरक्षण मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचं एक बनावट चित्र पसरलं आणि शेअर बाजारही थोडा वेळ घसरला. इतक्या गजबजलेल्या ठिकाणी स्फोट झाला असता तर वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो, व्हिडिओ आणि प्रत्यक्षदर्शी समोर आले असते. आलं होतं ते एकच चित्र. स्थानिक अग्निशमन दलाने लवकरच असं काही घडलं नसल्याचं जाहीर केलं.

याची उलट बाजूही याच वेळी सांगा. बनावट व्हिडिओ सोपे झाल्यापासून खऱ्या व्हिडिओत सापडलेला माणूसही 'हे बनावट आहे' म्हणून सुटायला बघतो. म्हणूनही 'सगळंच बनावट' हे उत्तर घातक आहे.

पाचवी पायरी: आकडे

इथे गणिताच्या शिक्षकांची मदत घ्या. टक्केवारीला 'कशाच्या?' हा प्रश्न विचारायची सवय लागली तरी खूप झालं.

एक उदाहरण पुरतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखूही आहे. लगेच 'धूम्रपानाइतकंच घातक' अशा अर्थाचे मथळे आले. पण हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्या संस्थेने म्हटलं होतं. मुलांना हिशेब करू द्या. समजा, १०० लोकांपैकी ५ जणांना आयुष्यात हा आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६ झाले. धोका वाढला हे खरं, पण १०० पैकी १८ जण आणखी आजारी पडले असा त्याचा अर्थ नाही. तो चुकीचा अर्थ वर्गातली बरीच मुलं आधी लावतात.

आलेख पाहताना उभी रेघ शून्यापासून सुरू होते का, आणि 'एका अभ्यासानुसार' म्हटलं की अभ्यास माणसांवर होता की उंदरांवर, हे दोन प्रश्न जोडून द्या. बाकी आकड्यांचं शास्त्र पुढच्या इयत्तांसाठी राहू द्या.

सहावी पायरी: स्वतःचं मन

ही पायरी उपदेशासारखी होण्याचा धोका असतो, म्हणून मी ती मुद्दाम उशिरा ठेवते. तोवर मुलांच्या हातात काही कौशल्यं आलेली असतात.

२०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० खऱ्या-खोट्या बातम्यांच्या साखळ्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला जवळपास सहापट वेळ लागत होता. यंत्रचलित खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक पाडत होती माणसं. नवलाचं, धक्का देणारं, किळस आणणारं जे असेल ते आपण पुढे पाठवतो.

यावरून एक सवय लावता येते: काही वाचून संताप, भीती किंवा 'बघा, मी म्हणतच होतो' असा आनंद उसळला, की तीच तपासायची वेळ. शेवटची भावना सर्वांत फसवी आहे. मुलाच्या आवडत्या खेळाडूची स्तुती करणारी आणि नावडत्या खेळाडूची निंदा करणारी, अशा दोन सारख्याच कच्च्या बातम्या त्याच्यासमोर ठेवा. कुठली तपासायला त्याने जास्त वेळ घेतला ते त्यालाच सांगू द्या. मग हाच सराव तुमच्या आवडी-नावडींवर करा, त्याच्यासमोर. मोठ्यांनी स्वतःवर ही कसोटी लावलेली पाहिली नाही तर मुलं हा विषय मनावर घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

शिकवणाऱ्यासाठी एक खबरदारी. पुन्हा पुन्हा ऐकलेलं विधान जास्त खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसत आलं आहे. त्यामुळे खोटा दावा मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून त्यावर तासभर बोलू नका. आधी खरं काय ते सांगा, मग खोटं एकदाच, 'हे चूक आहे' असं म्हणून, आणि ते चूक का हे सांगून पुन्हा खऱ्यावर या.

सातवी पायरी: पुढे पाठवणं आणि चूक सांगणं

तपासायला शिकलेल्या मुलाचा पहिला खटका घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उडतो. आजोबांनी काहीतरी पाठवलेलं असतं आणि नातू सगळ्यांसमोर लिहितो, "हे फेक आहे." आजोबा दुखावतात, ग्रुपवर शांतता पसरते, आणि मुलाला वाटतं की खरं सांगून आपलंच चुकलं. हे टाळण्यासाठी आधीच सराव करून घ्या. ग्रुपवर न लिहिता वेगळा मेसेज करायचा किंवा जवळ बसून बोलायचं. काहीसं असं:

"आजोबा, तुम्ही सकाळी पाठवलेला फोटो बघितला. मलाही आधी खराच वाटला होता. मग शोधून पाहिला तर तो सहा वर्षांपूर्वीचा निघाला, दुसऱ्याच देशातला. ही बघा लिंक. तुम्हीच ग्रुपवर सांगाल का? तुमचं सगळे ऐकतात."

यात पुरावा आहे, मान आहे, आणि दुरुस्तीचं श्रेय ज्याचं त्याला आहे. मुलांना हे वाक्य पाठ करायला लावू नका, त्यांचं त्यांना लिहू द्या. कधी आजोबांचंच बरोबर निघेल, तेव्हा काय म्हणायचं तेही ठरवून ठेवा.

आणि काही कळत नसेल तर? तर पाठवायचं नाही. मोठी घटना घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जाणकारांनाही पुरतं चित्र माहीत नसतं. मृतांचे आकडे बदलतात, संशयिताचं नाव चुकतं, जुने व्हिडिओ नवे म्हणून येतात. अशा वेळी "अजून नक्की नाही, उद्या बघू" हे पूर्ण उत्तर आहे. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला उत्तर लिहायची सवय लागलेल्या मुलांना हे सर्वांत जड जातं. तेव्हा मुलाने असं म्हटलं की त्याला दाद द्या.

जमतंय की नाही, हे कसं ओळखाल?

लेखी परीक्षा घेऊ नका. पुढच्या काही महिन्यांत तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. न सांगता मूल दुसरा टॅब उघडतं का? "फेक आहे" याऐवजी "हे कुणी सांगितलंय?" असं विचारतं का? आणि स्वतःला न आवडणारी खरी बातमी 'हो, हे खरं आहे' म्हणून मान्य करतं का? तिसरी गोष्ट उशिरा येते. ती दिसली नाही आणि मूल फक्त खोटं पकडण्यातच पटाईत होत असेल, तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि सरावातली खरी उदाहरणं वाढवा.

हे तास किती दिवस चालवायचे? सुरुवातीचे दोन-तीन महिने आठवड्याला एकदा, मग महिन्यातून एकदा. त्यानंतर भूमिका बदला. उदाहरण मुलांनी आणायचं, वेळ मुलांनी लावायची, आणि दोन मिनिटांत तपासून दाखवायचं तुम्ही.